कार्पेटबाहेरचं घर

सोसायटीच्या पुनर्विकासासाठी बोलावलेल्या सर्वसाधारण सभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो: कार्पेट किती टक्के वाढवून मिळणार? मग कॉर्पस, दरमहा भाडं आणि पार्किंगवर चर्चा रंगते. बिल्डरांच्या ऑफर्सचा तक्ता मांडला जातो आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्याकडे मतं झुकतात. दोन इमारतींमध्ये अंतर किती राहील, पहिल्या मजल्यावर भरदुपारी दिवा लावावा लागेल का, पावसाचं पाणी मुरायला उघडी माती उरेल का, म्हाताऱ्या माणसांनी संध्याकाळी टेकायचं कुठे, यांचे रकाने त्या तक्त्यात नसतात.

ते असायला हवेत. घराचा उंबरा ओलांडला की जी जागा सुरू होते, तिचा हिशेब नकाशा मंजूर होण्याआधी आणि तिथे राहणाऱ्यांना सोबत घेऊनच व्हायला हवा. हे शक्य कोटीतलं आहे याचे पुरावे महाराष्ट्रातच उभे आहेत.

सीबीडी बेलापूरच्या डोंगरपायथ्याशी असलेलं आर्टिस्ट व्हिलेज हा त्यातला सगळ्यात जुना. शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांच्यासोबत ज्यांनी १९६०च्या दशकात नवी मुंबईची कल्पना मांडली, त्या चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी ही वसाहत आखली. मांडणी साधी आहे. सुमारे आठ बाय आठ मीटरचं एक अंगण आणि त्याभोवती सात घरं. असे तीन पुंजके मिळून एकवीस घरांचं मोठं अंगण, आणि असे तीन गट एकत्र आले की त्याहून मोठं मोकळं मैदान. आठ मीटर हे माप महत्त्वाचं आहे. एवढ्या अंतरात खेळणारं मूल सातही दारांतून दिसतं आणि हाक सहज पोचते. अनोळखी माणूस आला तर कुणाच्या ना कुणाच्या नजरेस पडतोच.

कोरियांनी आणखी एक गोष्ट केली. प्रत्येक घर सुटं ठेवलं, शेजाऱ्याशी सामाईक भिंत ठेवली नाही. त्यामुळे हातात पैसा आला की शेजाऱ्याची परवानगी न मागता खोली किंवा मजला चढवता येतो. लोकांनी तेच केलं. मूळच्या उतरत्या छपरांची घरं आज थोडीच उरली आहेत. बाकीच्यांच्या जागी आरसीसीची दोन-तीन मजली घरं आली. वास्तुरचनेच्या काही अभ्यासकांना याची हळहळ वाटते. पण घरं बदलत गेली तरी मधली अंगणं जागच्या जागी राहिली, यातच या आखणीचं खरं यश आहे.

पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांमध्ये हाच विचार गरिबांच्या घरांपर्यंत पोचला. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून पैसा आला, महिला मिलन आणि स्पार्क या संस्थांनी वस्तीतल्या बायकांना पुढे केलं आणि वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांनी नकाशे केले. वस्ती सपाट करून टॉवर बांधायचा नाही, हे आधी ठरलं. पक्क्या घरांना हात लावला नाही. कच्चं घर पाडून त्याच जागी सुमारे २७० चौरस फुटांचं नवं घर बांधलं. कुटुंबाचा वाटा खर्चाच्या दहा टक्के. जिथे जागा अगदीच चिंचोळी होती, तिथे शेजाऱ्यांनी एकत्र येऊन सामाईक जिना ठेवून घरं बांधली. गल्ली तीच, शेजार तोच आणि कामाचं ठिकाणही तेवढ्याच अंतरावर. लिफ्ट नसल्याने तिच्या विजेचं आणि दुरुस्तीचं बिलही नाही. पर्यावरणपूरक बांधकाम म्हणताना सौर पॅनेलची आठवण आधी होते. पण चांगली भिंत न पाडणं आणि चालत जाता येईल असं अंतर न तोडणं यातही मोठी बचत आहे.

याच्या उलट चित्र मुंबईत गोवंडी-मानखुर्दला दिसतं. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत काही इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचं अंतर आहे. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने केलेला आणि २०१८ मध्ये समोर आलेला अभ्यास सांगतो, की उजेड आणि वारा पोचत नाही अशा खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचा धोका जास्त आहे. कागदोपत्री इथल्या प्रत्येक कुटुंबाला पक्कं घर मिळालं. हवेचा हिशेब मात्र कुणी केला नाही, आणि त्याची किंमत माणसं फुप्फुसांनी मोजत आहेत.

मुंबईत जागा कुठे आहे, हा आक्षेप रास्त आहे. बेलापूरला हेक्टरी जेमतेम शंभर घरं आहेत, तर मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत हेक्टरी किमान ६५० घरांची अट आहे. धारावीत आर्टिस्ट व्हिलेज वसवता येणार नाही. जुन्या चाळींचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. १६० चौरस फुटांत संसार केलेल्या बीडीडी चाळींतल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांचं घर आणि घरातच संडास मिळतो आहे, हा त्यांचा हक्कच आहे. पण उंच इमारतीतही दर चार-पाच मजल्यांवर मोकळी गच्ची ठेवता येते, जिन्याला खिडकी देता येते, दारासमोरचा मार्ग दोन बायका बसून भाजी निवडतील इतका रुंद करता येतो. किमान घरं किती हे नियमाने बांधून दिलं आहे. तसा सर्वात खालच्या घरात किमान उजेड किती, हाही नियमच हवा. एकाच प्रकल्पातल्या विक्रीच्या इमारतीला जेवढी मोकळी बाजू, तेवढीच पुनर्वसनाच्या इमारतीला मिळायला हवी.

मध्यमवर्गीय सोसायट्यांचा प्रश्नही वेगळा नाही. मुंबई वगळता राज्यात बहुतेक ठिकाणी लागू असलेल्या २०२०च्या एकत्रित नियमावलीत दहा टक्के मोकळी जागा सोडण्याची अट आहे, ती ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांना. एकेकटी सोसायटी पुनर्विकासाला निघाली की बहुतेकदा ती या अटीतून सुटते आणि पार्किंगखाली सगळी जमीन काँक्रीटने झाकली जाते. तीन-चार शेजारी सोसायट्या एकत्र आल्या, तर त्याच रस्त्यावर एक खरंखुरं मैदान उभं राहू शकतं. महापालिकांनी अशा एकत्रित प्रस्तावांना शुल्कात सवलत द्यावी.

सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खालच्या २०१९च्या निर्देशांनुसार पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. ही संमती मागण्याआधी सभासदांसमोर तीन कागद सक्तीने ठेवले जावेत: प्रत्येक मजल्यावर पोचणाऱ्या उन्हाचे तास, उघडी राहणारी माती आणि दरमहा येणारा देखभाल खर्च. सहकार खात्याने एक परिपत्रक काढलं, तर ऑफर्सच्या तक्त्यात हे रकाने पुढच्याच सभेपासून भरता येतील.