म्हातारपणाचा हिशोब मांडणारे डॉक्टर



'मी मोठेपणी कोण होणार' या निबंधात दरवर्षी निम्म्या वर्गाला डॉक्टर व्हायचं असतं. पण आरोग्य अर्थशास्त्रात पीएच.डी. करूनही डॉक्टर होता येतं, हे मुलांना कुणी सांगत नाही. (खरं तर ते आपलंच काम.) हे डॉक्टर गोळी देत नाहीत. गोळीचे पैसे कुणाच्या खिशातून जातात, ते शोधतात.

मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, १९५६ सालची. या संस्थेने २०१७-१८ मध्ये 'लासी' हे मोठं सर्वेक्षण केलं. ४५ वर्षांपुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून जास्त जणांना घरी जाऊन विचारलं : आजार कोणता, खर्च किती, पेन्शन मिळते का, कुणाजवळ राहता. हाताच्या पकडीची ताकदसुद्धा यंत्रावर मोजली! ही माहिती संशोधकांना अभ्यासासाठी मिळते.

याची गरज काय? ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. चांगलंच आहे. पण ते कार्ड मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावर कामाचं. बीपी-शुगरच्या गोळ्या तर दर महिन्याला लागतात, आणि त्या मेडिकलमधून रोख आणाव्या लागतात. चौथीच्या मुलांनाही हे गणित घालता येईल : रोज दोन गोळ्या, तर महिन्याला दहाच्या किती पट्ट्या?

आणि आजीला उठवणं-बसवणं, रात्री दोनदा जागणं? ते अनेक घरांत सून करते. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला रोजचा वेळ सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुषांचा ९७ मिनिटं निघाला. आजारी सासूसाठी सुनेने नोकरी सोडली, तर घराचा तो पगार बुडालाच ना? पण दवाखान्याच्या बिलात तो कुठे दिसणार? माझं स्पष्ट मत आहे, हा आकडा न धरता म्हातारपणाचा खर्च मांडणारा प्रबंध अर्धवट आहे. आणि अशा घरात वाढलेल्या मुलीला हा प्रश्न आधी सुचेल.

पण आपल्याकडे अर्थशास्त्र म्हणजे आर्ट्स, आणि आर्ट्स म्हणजे 'मार्क कमी पडले वाटतं'! पालकहो, नेट परीक्षेत लोकसंख्या अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे. त्यात जेआरएफ मिळाली, तर पीएच.डी. करताना सुरुवातीला महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात, घरभाडं वेगळं.