जंगल हेच कामाचे ठिकाण

नोव्हेंबर 2021. ताडोबात व्याघ्रगणनेच्या तयारीसाठी पायी फिरणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीने बळी घेतला. पायी सर्वेक्षण थांबवावे लागले. तीनच महिन्यांनी चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या परिसरात, पाळी संपवून सायकलने घरी निघालेला कंत्राटी कामगार वाघाच्या तावडीत सापडला.

हेल्मेट, बूट, अग्निशमन यांचे नियम फाटकाच्या आत चालतात. फाटक ते घर या वाटेवरची माजलेली झुडपे आणि अंधार कुणाच्या खात्यात टाकायचा?

गडचिरोलीत हा प्रश्न दर उन्हाळ्यात उभा राहतो. तेंदूच्या हंगामात बायका उजाडायच्या आत जंगलात शिरतात, वाकून पान खुडतात. आणि वाकलेला माणूस वाघाला सावजासारखा दिसू शकतो. जोडीने जा, बोलत राहा, उजाडू द्या, हे साधे उपाय सगळ्यांना ठाऊक आहेत. पण मजुरी पुड्यांवर ठरते, म्हणून घाई सुटत नाही. धोका इथे मजुरीच्या हिशेबातच दडलेला आहे.

याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात. जंगलात जाणारा माणूस स्वतः बैठकीत बसतो, त्यामुळे धोक्याची खबर वरच्या साहेबापर्यंत पोहोचण्याची वाट पाहावी लागत नाही.

इतरत्र मात्र, सुरजागडच्या लोहखाणीपासून वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) कोळसा खाणींपर्यंत जनसुनावण्या होतात, अहवाल निघतात. त्यांत कंत्राटी मजुराला किती वेळ बोलू दिले जाते, हे या अंकात तपासले आहे.