घड्याळाआधी लेसर

वास्कोहून हुबळीकडे जाणारी गाडी अळणावर जंक्शनात दोन मिनिटे उशिरा पोहोचली, तर कोणाचे फारसे बिघडत नाही. उपग्रहावरील घड्याळात मात्र सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाची चूक झाली, तरी अंतराच्या मोजणीत तीनशे मीटरचा फरक पडतो, आणि किनाऱ्यावरचा मच्छीमार आज त्याच मोजणीवर विसंबू लागला आहे. ‘नाविक’ मालिकेतील पहिल्या उपग्रहावरील आयात केलेली तिन्ही रुबिडियम घड्याळे २०१६ च्या मध्यापासून एकामागून एक बंद पडली. स्वदेशी घड्याळ अवकाशात जाण्यास मे २०२३ उजाडावा लागला. पुढच्या पिढीच्या घड्याळांबाबत हा धडा आपण ध्यानात ठेवणार आहोत काय?

पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेत यटर्बियमच्या एकाच आयनावर चालणारे प्रकाशीय घड्याळ उभारण्याचे काम चालू आहे. विद्युतक्षेत्राच्या सापळ्यात धरलेला आयन चंचल असतो. लेसरची कंपनसंख्या त्याला मानवणाऱ्या कंपनसंख्येहून किंचित कमी ठेवली, की तो प्रकाशाच्या दिशेने धावताना अधिक प्रकाशकण शोषतो आणि धक्क्याधक्क्याने मंदावतो. अमेरिकेत व जर्मनीत हे १९७८ मध्येच सिद्ध झाले. यटर्बियमला लागणारा अतिनील प्रकाश सेकंदास सुमारे आठ कोटी कोटी कंपने पावतो. चूक चालते ती दोन कोटींच्या आतच! घड्याळाचा ठोका वाचणाऱ्या दुसऱ्या लेसरला तर एखाददुसऱ्या कंपनाचीच मुभा. साधा डायोड लेसर तापमानात एका अंशाचा फरक पडताच अब्जावधी कंपनांनी ढळतो. म्हणून त्याला निर्वातात ठेवलेल्या, उष्णतेने जवळजवळ न प्रसरणाऱ्या काचेच्या पोकळीशी जखडावे लागते. जमिनीची थरथरही तिथवर पोहोचू द्यावयाची नसते. हे काम वर्षानुवर्षांच्या चिकाटीचे आणि हातकौशल्याचे आहे.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम मोहिमेस सुमारे ६,००३ कोटी रुपये मंजूर केले. क्युबिटांच्या संख्येची उद्दिष्टे जाहीर करणे सोपे असते, मथळ्यांनाही ती सोयीची. मोहिमेने २०२४ मध्ये निवडलेल्या आठ नवोद्योगांत अचूक डायोड लेसर बनविणारा दिल्लीचा एक आणि प्रकाशीय घड्याळांवर काम करणारा पुण्याचा एक आहे, हे खरोखर समाधानाचे. परंतु अशा लेसरांचा बाजार अजून प्रामुख्याने जर्मन व अमेरिकन उत्पादकांच्या हाती आहे. नवोद्योगांना अनुदानापेक्षा गिऱ्हाईक हवे असते. मोहिमेच्या पैशातून होणाऱ्या लेसरखरेदीत देशी बनावटीला ठराविक वाटा राखून ठेवावा आणि प्रयोगशाळांतील कुशल तंत्रज्ञांना प्रकल्पापुरत्या नव्हे, तर कायम जागा द्याव्यात, अशी आमची मागणी आहे.