आधी पाहावे, मग हात लावावा

पोवळे म्हटले की आपल्याला मंगळाची अंगठी आठवते; फार तर लक्षद्वीपच्या उथळ, निळ्या पाण्यातली प्रवाळबेटे. पोवळ्याला ऊन लागते आणि कोमट पाणी लागते, असे आपण शाळेच्या भूगोलात शिकलो. ते खरे आहे, पण अर्धेच. आज ज्ञात असलेल्या पोवळ्यांच्या जातींपैकी निम्म्याहून अधिक जाती ५० मीटरपेक्षा खोल पाण्यात राहतात. त्यांतल्या कित्येक तर सूर्यकिरण पोहोचत नाही अशा काळोखात, थंड पाण्यात वाढतात आणि प्रवाहाबरोबर येणाऱ्या सूक्ष्म जीवांवर गुजराण करतात.

नॉर्वेच्या कोळ्यांना याची कल्पना पिढ्यानपिढ्या होती. गळाला अडकून पांढऱ्या पोवळ्याची फांदी अधूनमधून वर येई, आणि जिथे ती येई तिथे मासा बरा लागतो, हा त्यांचा अनुभव होता. लिनियसने १७५८ मध्ये या पोवळ्याला शास्त्रीय नाव दिले. पुढे ते ‘लोफेलिया’ म्हणून ओळखले गेले. मात्र ते तळाशी उभे कसे असते, पसरले आहे किती, हे कोणी पाहिलेले नव्हते. ते पाहण्याची संधी मिळाली ती तेलामुळे. १९८२ मध्ये नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यापुढे एका तेल कंपनीच्या सर्वेक्षणात दूरनियंत्रित यानाच्या कॅमेऱ्यासमोर सुमारे १५ मीटर उंचीची प्रवाळटेकडी आली. पुढे सूला येथे ३० मीटरहून उंच प्रवाळरांगा आढळल्या. त्यांचा जन्म शेवटचे हिमयुग ओसरल्यानंतरचा, म्हणजे वय आठ-साडेआठ हजार वर्षे. २००२ मध्ये लोफोटेन बेटांच्या पश्चिमेस, ३०० ते ४०० मीटर खोलीवर, ३५ किलोमीटरहून अधिक लांबीची रोस्ट प्रवाळरांग सापडली.

हे यान म्हणजे काय? ‘आरओव्ही’ या आद्याक्षरांनी ते ओळखले जाते. आत माणूस नसतो. जहाजावरून सोडलेल्या जाड केबलमधून त्याला वीज आणि आज्ञा मिळतात, आणि त्याच वाटेने चित्रे वर येतात. आधी जहाजावरून ध्वनिलहरी सोडून तळाचा नकाशा तयार करतात. त्यावर संशयास्पद उंचवटे दिसले की यान खाली जाते. आखून दिलेल्या सरळ रेषेवरून ते तळापासून थोड्याच उंचीवर, बैलगाडीहूनही सावकाश सरकते. दोन समांतर लेसर किरण तळावर ठरावीक अंतराने दोन ठिपके पाडतात. ते ठिपके ही मोजपट्टी. मग पोवळे किती, स्पंज किती, जिवंत किती, मोडलेले किती, याची मोजदाद तासन्‌तास पडद्याकडे पाहून करायची. काम अत्यंत कंटाळवाणे आहे. पण जाळे टाकून वर ओढलेल्या तुकड्यांवरून जे कळत नाही, ते यातून कळते. मोडलेल्या फांदीवरून झाड ओळखता येईल. रान कसे होते, ते कळणार नाही.

या मोजदादीतून निघालेले सत्य मात्र सुखद नव्हते. सागरतळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यांनी पोवळ्यांचा चुरा केल्याचे आणि तळावर लांबच लांब चर पडल्याचे कॅमेऱ्यांनी दाखवले. नॉर्वेतील प्रवाळक्षेत्रापैकी ३० ते ५० टक्के क्षेत्राला इजा पोहोचली असावी, असा अंदाज तेथील सागरी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडला. गळाने आणि स्थिर जाळ्यांनी मासेमारी करणारे कोळी हीच तक्रार करत होते. तोवर त्यांच्या शब्दाला पुरावा नव्हता. चित्रफितीने तो दिला. १९९९ मध्ये नॉर्वे सरकारने प्रवाळांची जाणूनबुजून नासधूस करण्यास मनाई केली आणि सूला क्षेत्र तळजाळ्यांना बंद केले. रोस्टची रांग २००२ मध्ये सापडली आणि २००३ मध्ये तिलाही हे संरक्षण मिळाले.

उशीर झाला तर काय होते, याचा धडा स्कॉटलंडच्या वायव्येस मिळतो. तेथील सुमारे १,००० मीटर खोलीवरचे ‘डार्विन माउंड्स’ १९९८ मध्ये सापडले. जाळ्यांवर बंदी यायला २००३ उजाडले आणि दरम्यान पूर्वेकडच्या भागाची बरीच हानी झाली. २०११ मध्ये शास्त्रज्ञ यान घेऊन पुन्हा गेले, तेव्हा पश्चिमेकडचा भाग बऱ्यापैकी शाबूत होता. मोडलेल्या पूर्व भागात मात्र आठ वर्षांच्या बंदीनंतरही पोवळे पुन्हा वाढल्याची खूण नव्हती. लोफेलिया वर्षाला काही मिलिमीटर, फार तर दोन-अडीच सेंटिमीटर वाढते. जाळ्याच्या एका फेरीत जे जाते, ते परत यायला पिढ्या लागतात. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ १९८७ मध्ये गवसलेल्या काचस्पंजांच्या रांगांचीही हीच कथा. सिलिकाच्या नाजूक सांगाड्यांच्या अशा रांगा कोट्यवधी वर्षांपूर्वीच नष्ट झाल्या, असे तोवर मानले जाई. तिथेही त्या सापडल्या १९८७ मध्ये, आणि संरक्षित सागरी क्षेत्राचा दर्जा मिळाला २०१७ मध्ये!

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. समुद्र अफाट, यानाचा आणि जहाजाचा खर्च मोठा. सगळा तळ पाहून होईपर्यंत मासेमारी आणि खनिजे थांबवून धरायची काय? प्रश्न रास्त आहे. पण नॉर्वेच्या अनुभवातच त्याचे उत्तर आहे. समुद्राच्या तळाशी जो नफ्यासाठी जातो, त्याच्याजवळ कॅमेरा असतोच. नळ टाकण्याआधी तेल कंपनी तळ पाहतेच. तेव्हा खर्च नव्याने करायचा नाही. त्याच चित्रफिती जीवशास्त्रज्ञांना आणि लोकांना खुल्या करायच्या, आणि जिथे हात घालायचा आहे तेवढा भाग आधी पाहायचा. इतकेच मागणे आहे.

हे मागणे आता आपल्याही दाराशी आले आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने जानेवारी १९८१ मध्ये समुद्रतळावरून धातूंचे गोटे वर काढले, तेव्हापासून भारत या शर्यतीत आहे. मध्य हिंदी महासागरातील ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात अशा गोट्यांच्या शोधाचा करार २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाबरोबर झाला. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचे ‘रोसब ६०००’ हे दूरनियंत्रित यान २०१० मध्ये ५,२८९ मीटर खोल उतरले. २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल सागर मोहिमेला मंजुरी मिळाली. हे कर्तृत्व अभिमानास्पद आहे. तळ ढवळला तर काय होते, याचा प्रयोगही गोव्याच्या संस्थेने १९९७ मध्येच केला होता, हेही नमूद करायला हवे.

पण ज्या गोट्यांवर आपला डोळा आहे, तेच त्या मऊ गाळाच्या मैदानात स्पंजांना आणि पोवळ्यांना चिकटून बसायला मिळणारे टणक आधार असतात. दहा लाख वर्षांत ते काही मिलिमीटर वाढतात. गोटा उचलला की त्यावरचे घर उचलले गेले. ते पुन्हा बांधायला कोणते सरकार येणार? आपला करार शोधाचा आहे, उत्खननाचा नव्हे. म्हणून नेमकी हीच वेळ आहे. गोटे मोजणाऱ्या यानाने त्याच फेरीत त्यांवरचे जीवही मोजावेत, ती मोजदाद जाहीर व्हावी, आणि हात न लावण्याची क्षेत्रे यंत्र खाली उतरण्याआधी ठरावीत. नॉर्वेत कॅमेरा जाळ्यानंतर पोहोचला. आपला कॅमेरा आधीच खाली पोहोचला आहे. त्याने काय पाहावे, एवढेच आपण ठरवायचे आहे.