एका सहीचे दोन अर्थ

मुठेवर खडकवासल्याच्या धरणाची भिंत चढत होती, त्याच काळात, 1871 साली, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही ठेवायची तरतूद होती. कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता, तरी त्यातली कलमे आज खडकवासल्यात बसून वाचावीत अशी आहेत. नोंदवहीत नाव चढायला संशय पुरे असे. एकदा ते चढले की त्या माणसाला मृत्युपत्र करता येत नसे, दान देता येत नसे, मूल दत्तक घेता येत नसे. त्याच्या शब्दाला किंमतच उरत नसे.

दुसरा रस्ता येरवड्याच्या मनोरुग्णालयात जायचा. 1912 च्या वेड्यांच्या कायद्याने माणसाला आत कसे घ्यायचे हे तपशीलवार सांगितले; त्याला काय वाटते हे विचारण्याची निकड मात्र त्यात नव्हती. गावाकडे तर शब्द तयारच होते. एकाला ‘खुळा’ म्हणायचे, दुसऱ्याला ‘बायल्या’. एकाच माणसात दोन्ही असेल, हे ना गावाच्या ध्यानात आले, ना सरकारच्या.

तशी माणसे असतात. केंब्रिजच्या संशोधकांनी 2020 मध्ये सुमारे साडेसहा लाख लोकांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. पारलिंगी व्यक्तींमध्ये स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान इतरांपेक्षा तीन ते सहा पट अधिक आढळले. एकामुळे दुसरे होते, असा त्याचा अर्थ नाही. पण समुपदेशकाच्या खोलीत नेमका तोच अर्थ लावला जातो. ‘ऑटिझममुळे डोक्यात बसलंय, जाईल हळूहळू,’ असे आईवडिलांना सांगितले जाते. याउलट लिंगओळखीसाठी मदत मागायला गेले, तर नजरेला नजर देऊन, लहानपणापासूनची सलग हकिकत सांगावी लागते. ज्याला बोलण्यापेक्षा लिहिणे सोपे जाते, ओपीडीतला गोंगाट आणि दिव्यांचा झगमगाट सोसत नाही, तो तिथे अडखळतो. मग त्याच्या अडखळण्यालाच पुरावा मानतात.

कायदे बदलले, हे खरे. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी आपले लिंग आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. 2016 च्या कायद्याने स्वमग्नतेला अपंगत्वाच्या 21 प्रकारांत जागा दिली. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांत लिंगावरून भेदभाव करायला मनाई केली. पण या सुधारणा वेगवेगळ्या दारांनी आल्या आणि वेगवेगळ्या टेबलांवर बसल्या.

ही टेबले जिल्हाधिकाऱ्यांपाशी एकत्र येतात. 2019 च्या कायद्याने पारलिंगी ओळखीचा दाखला देण्याचे काम त्यांच्याकडे आले. आणि 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्न प्रौढाला पालक नेमणाऱ्या स्थानिक समितीतही त्याच दर्जाचा अधिकारी बसतो. म्हणजे एका कागदावरची सही ‘या माणसाला स्वतःची ओळख आहे’ असे म्हणते आणि दुसऱ्यावरची त्याचे निर्णय दुसऱ्याच्या हाती देऊ शकते. पालकच मुलाची ओळख नाकारणारे असतील, तर दुसरी सही पहिलीला खाऊन टाकते. शब्दाला किंमत न उरण्याची 1871 ची गत वेगळ्या वाटेने, बहुतेक वेळा मायेपोटी, परत येते.

यावरच्या उपायाला मोठा खर्च लागत नाही. प्रश्न आधी लिहून द्यावेत, उत्तर लिहून घ्यावे, भेटीसाठी शांत वेळ राखावी, दोन्ही विषय जाणणारा निदान एक समुपदेशक असावा. खडकवासला 2021 मध्ये पुणे महापालिकेत आले. पाण्याच्या आणि रस्त्याच्या मागण्यांबरोबर ही मागणीही आता महापालिकेकडे करता येते. तोवर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आहे. पण फोनवर बोलणेच ज्याला जड जाते, त्याच्यासाठी तो पुरेसा नाही.

जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणे एवढेच: पालकत्वाच्या कागदावर सही करण्याआधी त्या माणसाचे म्हणणे त्याच्याकडून घ्या. बोलता येत नसेल, तर कागद-पेन पुढे करा आणि थांबा.