साहेब घरात आहेत का?

इंटरनेट जोडायला आलेल्या मुलाने २०१९ साली दारातच मला हा प्रश्न विचारला. अर्ज माझ्या नावाचा, पैसे मी भरलेले, तरी त्याची नजर माझ्या खांद्यावरून आत. साहेब नव्हते. मग त्याने स्वतःच ठरवलं, राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे लावला आणि तो निघून गेला.

माझं भाषांतराचं काम मागच्या खोलीत चालतं. मधे दोन भिंती, त्यातली एक काँक्रीटची. तिथे वायफाय पोचेना. टाळेबंदीत मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकाच्या ओट्याशी बसायला लागले, कारण रेंज तिथवर येत होती. टीव्हीसमोर मात्र ती भरपूर! घरात वायर कुठवर जाते, हे कुणाचं काम ‘काम’ धरलं जातं यावर ठरतं, असं माझं मत त्या ओट्याशीच बनलं.

मागच्या उन्हाळ्यात मी स्वतः वायर ओढली. दुकानदाराने आधी स्वस्तातली पुढे केली. वर कॅट सिक्स छापलेलं होतं, पण तार ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा! मी अस्सल तांब्याची मागितली, तेव्हा कुठे तो माझ्याशी नीट बोलायला लागला. टेलिफोनसाठी बिल्डरने भिंतीत टाकलेला पाइप रिकामाच होता, तो कामी आला. उरलेल्या अंतराला केसिंग पट्टी. विजेच्या पाइपात मात्र ही वायर कधीही घालू नका.

या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, एकमेकींना पीळ घातलेल्या. पिळामुळे बाहेरचा गोंगाट कमी पकडला जातो. ही युक्ती जुनी आहे, ग्रॅहॅम बेलने १८८१ साली तिचं पेटंट घेतलं होतं. टोकाला हा पीळ जेमतेम अर्धा इंच सोडायचा, तारा ठरलेल्या रंगक्रमाने लावायच्या आणि क्रिम्पिंगच्या पकडीने दाबायच्या. माझे पहिले तीन प्लग वाया गेले. चौथा चालला, पण वेग शंभरावरच अडकला. टेस्टरचा आठवा दिवा लागत नव्हता. हजाराच्या वेगाला आठही तारा लागतात, शंभराला चार पुरतात. नवरा म्हणाला, “चालतंय ना, मग कशाला?” हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो! मी प्लग कापला आणि पुन्हा बसवला.

पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटावर आता सहा यूची छोटी कॅबिनेट आहे. एक यू म्हणजे पावणेदोन इंच उंची. आत राउटर, आठ पोर्टचा स्विच, पॅच पॅनल आणि प्रत्येक वायरीला नावाची चिठ्ठी.

पण वायरीपेक्षा महत्त्वाचा आहे राउटरचा ॲडमिन पासवर्ड. वायफायचा नव्हे, हा वेगळा असतो. तो ज्याच्याकडे, त्याला कुणाचा फोन कधी जोडला गेला ते बहुतेक राउटरवर दिसतं आणि हवं तेव्हा बंदही करता येतं. माझ्या एका मैत्रिणीचा नवरा भांडण झालं की ऑफिसात बसून तिचं इंटरनेट तोडतो. ती ऑनलाइन शिकवण्या घेते. पूर्वी घरच्या बाईच्या कमरेला कोठीच्या किल्ल्या असत, घराचे कागद मात्र दुसऱ्याच्या पेटीत. हेही तसंच आहे.

एक मैत्रीण म्हणाली, “आधीच सगळी कामं आपल्यावर, त्यात हे कशाला?” तिचं अगदीच चूक नाही. नेट गेलं की घरात सगळे मला हाक मारू लागले. म्हणून कॅबिनेटच्या दाराला आतून कागद चिकटवलाय, कोणती वायर कुठली आणि आधी काय तपासायचं त्याचा. हाक आली की मी कागदाकडे बोट दाखवते. भाड्याच्या घरात मालक खिळाही मारू देत नाही, हेही खरं. पण पासवर्ड विचारून घ्यायला भिंत फोडावी लागत नाही.

सासूबाईंच्या खोलीतला पॉइंट राहिलाय, त्या रोज आठवण करतात. येत्या रविवारी पाइपात स्प्रिंग घालायची आहे. पलीकडून ती ओढायला त्या स्वतः बसणार आहेत.