छायाचित्राचा भावे प्रयोग

‘प्रयोग’ हा शब्द मराठीत तीन घरी नांदतो. प्रयोगशाळेत तो शंकेला उत्तर मागण्याचा मार्ग असतो. रंगमंचावर तो दर वेळी नव्याने उभा राहणारा खेळ असतो. आणि व्याकरणात कर्ता, कर्म व क्रियापद यांच्यातील संबंधाचे ते नाव असते. साहित्याच्या वर्गात ‘प्रयोगशील’ हे विशेषण आपण इतके सैल हाताने वापरतो, की या तिन्ही अर्थांपैकी एकही त्यात धडपणे उरलेला नसतो. प्रयोगशीलतेवरचे उत्तर विद्यार्थ्याने पाच ठरीव मुद्द्यांत लिहावे आणि आपण प्रत्येक मुद्द्याला दोन गुण द्यावेत, यातील विनोद आता कोणाला जाणवेनासा झाला आहे. एका छायाचित्रण-वर्गाने तो आम्हांला पुन्हा जाणवून दिला, म्हणून हे टिपण.

२०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर मराठी विषयाचे विद्यार्थीही मुक्त निवडीचा विषय म्हणून छायाचित्रणाच्या वर्गात जाऊन बसू लागले. आमच्या विभागातील एका विद्यार्थिनीला, जिचे घर खडकीचे, ‘माझा परिसर’ या विषयावर दहा चित्रे करायची होती. विषय निरुपद्रवी वाटतो. खडकीत तो तसा नाही. ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईनंतर ही भूमी छावणीची झाली. १८६९ मध्ये तेथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. भिंती, तारा, पहारे, आणि छायाचित्रणास मनाई असल्याच्या पाट्या हा तेथील नित्याचा देखावा आहे. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यानुसार निषिद्ध ठरवलेल्या स्थळांचे साधे रेखाटनही गुन्हा ठरू शकते. ज्या परिसरात पिढ्या नांदल्या त्याचा मोठा भाग कॅमेऱ्यासमोर आणताच येत नाही, अशी ही अडचण.

उरलेल्या जागांपैकी सर्वांच्या पसंतीची जागा म्हणजे युद्धस्मारकाची दफनभूमी. दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेंहून अधिक सैनिकांच्या शिळा तेथे एका मापात, एका ओळीत उभ्या आहेत. वर्गातील बहुतेकांनी तेथे जाऊन एकच चित्र काढले: दूर निमुळती होत गेलेली शिळांची रांग. चित्र वाईट येत नाही. पण त्यातील रचना स्थपतीने आधीच करून ठेवलेली असते, छायाचित्रकार फक्त पावती फाडतो.

आमच्या विद्यार्थिनीने कॅमेराच बाजूला ठेवला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा आतून काळा केला, सुईने एक छिद्र पाडले, आत छायाचित्राचा कागद बसवला आणि तो डबा बाजारात एका भाजीवालीसमोर ठेवून दिला. भिंग नाही, म्हणून प्रकाश आत येण्यास अवधी लागतो. त्या दिवशी अकरा मिनिटे लागली. त्या अवधीत आलेली-गेलेली सारी गिऱ्हाइके कागदावरून नाहीशी झाली. बसून राहिलेली भाजीवाली तेवढी उरली, आणि तिचा तराजूचा हात धुरासारखा विरघळला. बाजाराचे चित्र म्हणून आपण गर्दी पाहायला सरावलो आहोत. येथे गर्दीच गळून गेली आणि तिला दिवसभर पुरून उरणारी व्यक्ती शिल्लक राहिली.

दुसरा प्रयोग निळ्या छापाचा. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली ही पद्धत साधी आहे: लोहाच्या दोन क्षारांचे मिश्रण कागदाला लावायचे, वर वस्तू ठेवून उन्हात धरायचे, मग पाण्याने धुवायचे. ऊन लागले तेथे निळे, झाकले गेले तेथे पांढरे. पुढे यंत्रांचे आणि इमारतींचे आराखडे याच प्रक्रियेने उतरवले जात. तिने कागदावर आजोबांचा कारखान्यातील बिल्ला ठेवला. बिल्ल्यावर क्रमांक ठोकलेला होता. पण धातू अपारदर्शक, त्यामुळे उमटले ते एक कोरे पांढरे वर्तुळ आणि अडकवण्याच्या भोकाचा निळा ठिपका. माणसाची आयुष्यभराची ओळख असलेला आकडा उन्हाने वाचलाच नाही. ज्या कारखान्याचे चित्र घेता येत नाही, त्याचे याहून नेमके चित्र आमच्या पाहण्यात नाही.

बाह्य परीक्षकांचा शेरा मात्र असा: ‘अस्पष्टता, विषयाचा अभाव, अभ्यासक्रमाबाहेरील तंत्र.’ गुण उत्तीर्ण होण्यापुरते.

या शेऱ्यामागील भूमिका सर्वस्वी चुकीची नाही. व्याकरण न शिकताच नियम मोडणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही, आणि हुकलेल्या चित्राला ‘अमूर्त’ म्हणून खपवणे फार सोपे आहे. मोबाइलमधील तयार छटा चढवून ‘प्रयोग’ म्हणणे तर त्याहून सोपे. तेथे उत्तर आधीच ठाऊक असते, शंका कसलीच नसते. मग खरा प्रयोग ओळखावा कसा? आमच्या मते तो वहीवरून ओळखावा. या मुलीच्या वहीत प्रत्येक कागदापुढे छिद्राचे माप, उन्हाची जात, लागलेला वेळ आणि फसल्याचे कारण लिहिलेले आहे. भाजीवालीच्या चित्राआधी सहा कागद काळे पडले. सातव्यासाठी तिने वेळ बदलला, जागा बदलली नाही. परीक्षकांसमोर ही वही होती. ती पाहण्यासाठी गुणपत्रिकेत रकाना नव्हता.

छायाचित्रणाचे शिक्षण आपल्याकडे काल-परवाचे नाही. १८५५ च्या सुमारास मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत असा वर्ग भरत होता. हरिश्चंद्र चिंतामण त्यात शिकले आणि पुढे त्यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणाची तंत्रे शिकले. १९१२ मध्ये, वयाच्या बेचाळिशीत, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची चित्रे थोड्या-थोड्या अंतराने घेत राहिले. ती सलग दाखवल्यावर बी डोळ्यांदेखत वेल झाले. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळवताना ‘अंकुराची वाढ’ हाच त्यांचा पुरावा होता. आजच्या गुणपत्रिकेने तो वाटाणा तपासला असता, तर ‘विषय क्षुल्लक’ असा शेरा नक्की पडला असता! फाळके वाटाण्याचे चित्र घेत नव्हते, काळाचे घेत होते. बिस्किटाच्या डब्यातील अकरा मिनिटे त्याच कुळातली आहेत. फाळक्यांनी दिवस आवळून क्षणांत बसवले, तर हिने अकरा मिनिटे एका स्थिर कागदावर पसरली.

येथे व्याकरण आमच्या मदतीला येते. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या मागे जाते, कर्मणीत कर्माच्या. बहुतेक छायाचित्रे या दोहोंत मावतात: एकतर घेणाऱ्याची मर्जी चालते, नाहीतर समोरच्या वस्तूचे रूप. भावे प्रयोगात क्रियापद दोघांनाही जुमानत नाही. ‘रामाने रावणाला मारले’ यात राम बदला की रावण, ‘मारले’ तसेच राहते. डबा ठेवून मुलगी बाजूला उभी राहिली आणि भाजीवालीलाही हालचाल थांबवण्यास कोणी सांगितले नाही. जे घडले ते उन्हाचे आणि वेळेचे. ग्रीक मुळाचा शब्द या कलेला प्रकाशलेखन म्हणतो, आपण छायाचित्रण म्हणतो. पांढऱ्या वर्तुळापुढे उभे राहिल्यावर आपला शब्द अधिक खरा वाटतो, कारण तेथे चित्र झाले ते सावलीचेच.

मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल हे नियम सांगितले ते आपण कवितेला लावून दाखवतो. ते या निळ्या कागदाला लावून पाहण्याचे धाडस मराठीच्या प्राध्यापकांनी करायला हरकत नव्हती. छायाचित्रण आमचा प्रांत नाही असे म्हणून विभाग हात झटकतो, आणि तंत्रशिक्षक अर्थ हा आपला प्रांत मानत नाहीत. विद्यार्थी या दोन कुंपणांच्या मध्ये उभा राहतो.

आम्ही विद्यापीठाकडे गुणवाढीचा अर्ज करण्यास तिला सुचवले होते. तिने नकार दिला. फेरतपासणीत चित्रेच पुन्हा पाहतील, वही नाही, असे तिचे म्हणणे. आमच्या विभागापुरते मात्र आम्ही ठरवले आहे की, सर्जनशील लेखनाच्या अंतर्गत मूल्यमापनात निम्मे गुण कच्च्या खर्ड्यांना आणि त्यांवरील टिपांना द्यायचे. पहिली आपत्ती लगेच उद्भवली: आठ जणांनी पक्की कविता आधी लिहून तिच्यावरून खर्डे तयार केले आहेत.